उत्तर उशिरा येतं तेव्हा

शिवडी नाक्यावरचं किराण्याचं दुकान, सकाळची गर्दी. ‘साखर अर्धा किलो की किलो?’ दुकानदार विचारतो. समोर तिशीतला एक मुलगा उभा आहे. तो ऐकतो, दुकानदाराकडे बघतो आणि गप्प राहतो. एक सेकंद, दोन, तीन. तेवढ्यात मागच्या बाई पिशवी पुढे करतात आणि दुकानदार त्यांच्याकडे वळतो. मुलगा ‘अर्धा’ म्हणतो तेव्हा ते ऐकायला कुणी उरलेलं नसतं. तो गेल्यावर मात्र सगळ्यांना वाचा फुटते. ‘मुद्दाम करतो.’ ‘गोळ्यांनी ढिम्म झालाय.’ ‘डोकं चालत नाही त्याचं.’ ‘ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखवा म्हणावं.’

हा मुलगा कुणी एक नव्हे. स्किझोफ्रेनिया असलेल्या असंख्य माणसांच्या वाट्याला हे तीन सेकंद रोज येतात, आणि त्यामागोमाग हे शेरेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे शिवडी-लालबाग-परळच्या दाटीत तो प्रत्येकाच्या ओळखीत कुठेतरी आहेच.

कानात आवाज येणं, संशय घेणं, झोप उडणं याबद्दल आता थोडंफार बोललं जातं. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला आणि अनेक मराठी घरांत या आजाराचं नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं. पण या आजारात माणसाची गती बदलते, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर वाढतं, ही गोष्ट घरच्यांना बसून कुणी सांगत नाही. ओपीडीत मिळतात ती चार-पाच मिनिटं झोप, भूक आणि गोळ्या यांतच संपतात. मग त्या अंतराचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा लागतो.

गैरसमज : ‘मुद्दाम वेळ लावतो. अंगात आळस भरलाय.’

हा आरोप फार जुना आहे. १७९६ साली ग्रिनिचच्या वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रूक या आपल्या सहायकाला कामावरून काढलं. दुर्बिणीतली तार ताऱ्याने ओलांडली की वेळ नोंदवायची, हे त्याचं काम. त्याच्या नोंदी साहेबांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंद मागे पडत होत्या. मॅस्केलिनना तो हलगर्जीपणा वाटला. पुढे फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की दोन निष्णात निरीक्षकांच्या नोंदींतही असा फरक पडतोच. दिसणं आणि कळवणं यांच्यामध्ये प्रत्येकाचा स्वतःचा वेळ जातो आणि तो मोजता येतो.

त्या मोजणीतून मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा आकाराला आली, १८७९ साली लाइपझिगला, विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली. तिथे काम केलेल्यांत एमिल क्रेपेलिन होते. आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याचं पहिलं नेटकं वर्णन १८९० च्या दशकात करणारे ते हेच क्रेपेलिन. त्याआधी, १८९२ साली, त्यांनी चहा, दारू आणि झोपेची औषधं यांनी माणसाचा प्रतिसाद किती सेकंदांनी बदलतो यावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे या आजाराचा अभ्यास आणि प्रतिसादाच्या वेळेची मोजणी एकाच माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी वाढली.

आज चित्र असं आहे. समोर दिवा लागला की बटण दाबायचं, एवढंच काम दिलं तर निरोगी तरुण माणसाला साधारण पाव सेकंद किंवा त्याहून थोडा कमी वेळ लागतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या गटाची सरासरी त्याहून जास्त येते. लाल दिव्याला डावं बटण, हिरव्याला उजवं, अशी निवड मध्ये आली की अंतर आणखी वाढतं. कागदावरची एक साधी चाचणी आहे : वर आकडा आणि त्याचं चिन्ह यांची किल्ली छापलेली, खाली नुसते आकडे, ठरलेल्या वेळात प्रत्येक आकड्याखाली त्याचं चिन्ह काढत जायचं. २००७ साली ड्वाइट डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांतले निकाल एकत्र केले, तेव्हा सगळ्यात मोठी तफावत या चाचणीत दिसली, स्मरणशक्तीच्या चाचण्यांपेक्षाही मोठी. भारतातल्या चाचणीसंचांतही अशी चाचणी असते.

आळसाचा आरोप सोडायला आणखी एक पुरावा पुरेसा आहे. डोक्याला तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपताना माणसाला नुसते आवाज ऐकवतात आणि त्यातले वेगळे आवाज मनात मोजायला सांगतात. हात हलवायचा नाही, बटण दाबायचं नाही. वेगळा आवाज आल्यावर साधारण एक तृतीयांश सेकंदाने एक ठरावीक लाट उठते. या आजारात ती लाट लहान येते, अनेकदा उशिराही येते, हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उमेद कमी होणं हा या आजाराचाच एक भाग आहे आणि वेगावर त्याचाही परिणाम होतो, हे खरं. पण उमेद आटणं वेगळं आणि कामचुकारपणा वेगळा. पहिल्यावर उपचार होतो. दुसऱ्यावर घरात ओरडा होतो, आणि इथे चुकीच्या माणसावर होतो.

गैरसमज : ‘तो सदानकदा संथच असतो.’

इथे थोडं थांबायला हवं. मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि घरच्यांना गोंधळात टाकणारीही हीच. ‘परवा मी बॉल टाकला तर चटकन झेलला. मग आज साधं नाव सांगायला इतका वेळ? म्हणजे जमतं त्याला, करत नाही.’ हा युक्तिवाद मी अनेक आयांच्या तोंडून ऐकला आहे. तो रास्त वाटतो, पण आकडे वेगळं सांगतात.

समजा, एका निरोगी माणसाने दहा वेळा बटण दाबलं आणि दहाही वेळा त्याला ०.२८ सेकंद लागले. दुसऱ्या, आजार असलेल्या माणसाला आठ वेळा ०.३० सेकंद लागले आणि दोनदा ०.८० सेकंद. दुसऱ्याची सरासरी ०.४० निघते. नुसती सरासरी वाचणारा म्हणेल, हा बराच संथ आहे. प्रत्यक्षात दहापैकी आठ वेळा तो जवळजवळ पहिल्याच्या बरोबरीने धावला आहे आणि दोनदा कुठेतरी अडकला आहे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण मोजणीत दिसणारी ठेवण अशीच असते : वेळ लांबलेला असतो आणि त्यात चढउतारही फार असतात. सोफिया विनोग्रादोव्ह यांच्या गटाने १९९८ साली हाच चढउतार नेमका पुढे मांडला. म्हणून ‘कधी जमतं, कधी नाही’ हा ढोंगाचा पुरावा मानता येत नाही. ते या आजाराचं वागणंच आहे.

हे अडकणं कुठे होतं? याचं उत्तर शोधण्यात डेव्हिड शॅको यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये घालवली. इलियट रॉडनिक यांच्यासोबत १९४० साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही तितकाच ताजा वाटतो. आधी ‘तयार’ अशी सूचना, मग काही वेळ वाट बघणं, मग खरा इशारा आणि त्यावर बोट उचलणं. वाट बघण्याचा वेळ १ सेकंदापासून २५ सेकंदांपर्यंत. एका मालिकेत हा वेळ प्रत्येक खेपेला सारखाच ठेवलेला, दुसरीत मिसळलेला, कधी दोन सेकंद तर कधी पंधरा. वेळ सारखाच असेल तर निरोगी माणूस त्याचा फायदा उठवतो. इशारा केव्हा येणार याचा त्याला अंदाज येतो आणि तो त्या क्षणाला सज्ज असतो.

कबड्डीत कोपरा धरणारा खेळाडू आठवा. चढाई तीस सेकंदांची असते आणि तेवढा वेळ त्याची सज्जता विझत नाही, ती क्षणाक्षणाला नवी होत राहते. शॅको यांच्या रुग्णांना एक-दोन सेकंदांच्या सारख्या अंतराचा फायदा घेता आला. अंतर काही सेकंदांच्या पुढे गेलं की तो फायदा नाहीसा झाला. आणखी लांबलं तेव्हा तर सारख्या मालिकेत ते मिसळलेल्या मालिकेपेक्षाही मागे पडले. सज्जता धरून ठेवण्यातच अडचण होती. शॅको यांचं म्हणणं असं की अशा वेळी मन कामाच्या मुख्य धाग्यापेक्षा बारीकसारीक तुकड्यांना धरतं, मागच्या खेपेचा परिणाम पुढच्या खेपेत ओढून आणतं. न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल सटन आणि जोसेफ झुबिन यांनी १९६० च्या दशकात याला पूरक गोष्ट दाखवली : एकदा दिवा, मग अचानक आवाज, असा इशाऱ्याचा प्रकार बदलला की या आजारात गती निरोगी माणसांच्या तुलनेत जास्त मंदावते.

यातून घरासाठी मी एक गोष्ट उचलते. प्रयोगशाळेतले सेकंद आणि घरातले तास एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. तरीही, ‘संध्याकाळी सहाला दवाखान्यात जायचंय’ असं सकाळी आठला सांगून दिवसभर त्याने ते मनात धरून ठेवावं ही अपेक्षा कमी ठेवावी, आणि निघायच्या थोडं आधी पुन्हा सांगावं. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी आणि मध्येच प्रश्न, असं तर टाळावंच.

गैरसमज : ‘हे सगळं गोळ्यांनी झालंय. गोळ्या बंद करा, पोरगा पुन्हा चुणचुणीत होईल.’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, म्हणून त्याचं उत्तर पूर्ण द्यायला हवं, अर्धवट नको. शॅको यांची मोजणी १९३० च्या दशकातली आणि १९४० ची. मनोविकारांवरचं पहिलं आधुनिक औषध, क्लोरप्रोमझिन, पॅरिसमध्ये रुग्णांना दिलं गेलं ते १९५२ साली. म्हणजे या गोळ्या जगात नव्हत्या तेव्हाही उत्तर उशिरा येत होतं. आज पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, अजून एकही गोळी न घेतलेल्या माणसांची चाचणी घेतली तरी वेग कमी दिसतो. काही अभ्यासांत त्यांच्या निरोगी भावंडांतही थोडीशी मंदगती सापडते. मूळ कारण आजारात आहे.

आणि तरीही आया गोळ्यांबद्दल जे सांगतात त्यात तथ्य आहे. एम्मा नोल्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली जुने अभ्यास पुन्हा तपासले, तेव्हा औषधाचा रोजचा डोस जितका मोठा तितकी चिन्हांच्या चाचणीतली पिछेहाट जास्त, असं त्यांना दिसलं. काही औषधांनी अंग आखडतं, पावलं जवळ पडतात, चेहऱ्यावरचे भाव विझल्यासारखे होतात, हात थरथरतात. त्यावर उतारा म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी जोडली जाते आणि ती स्मरणशक्तीला त्रास देऊ शकते. काही गोळ्या झोप आणतात. हे सगळं डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे आणि सांगितलंच पाहिजे : ‘आवाज थांबलेत, पण हा चहाचा कप उचलायलाही वेळ घेतो.’ डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं, थरथरीची गोळी कायम लागतेच असं नाही. मनाने गोळ्या थांबवल्या तर मात्र आजार उलटण्याची शक्यता फार वाढते, आणि प्रत्येक उलटणं माणसाला आधीच्या जागेवरून मागे ढकलू शकतं.

ही अडचण नवीन नाही, आणि तिच्यात मुंबईचाही एक धागा आहे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग मांडला आणि ही आपली जुनी मुळी जगाच्या नजरेत आली. पाचेक वर्षांत तिच्यातलं रेझर्पिन अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी वापरलं जाऊ लागलं. त्यानेही रुग्ण शांत होत आणि त्यानेही अंगात जडपणा येई, मन खिन्न होई. शांत करणं आणि मंद करणं यांतली सीमारेषा डॉक्टर तेव्हापासून शोधत आले आहेत. आज हाताशी पर्याय जास्त आहेत, म्हणून तक्रार करण्यात अर्थ आहे.

गैरसमज : ‘असा तंद्रीत असतो, उत्तर देत नाही, म्हणजे स्किझोफ्रेनियाच.’

शिवडीत हा गैरसमज विशेष जपून हाताळायला हवा, कारण जेरबाई वाडिया रोडवर महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे, आशियातल्या मोठ्या क्षयरोग रुग्णालयांपैकी एक. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर अनेक वर्षं जी औषधं दिली गेली त्यांत सायक्लोसेरिन होतं. ते मेंदूत पोचतं आणि काही जणांत थेट मनावर परिणाम करतं : खिन्नता, संशय, आवाज ऐकू येणं, क्वचित फिट्स. ‘टीबी होता आणि आता वेडाचा झटका आला’ असं सांगत घरचे लोक येतात तेव्हा आधी औषधांची यादी बघावी लागते. असं झालं तर डॉक्टर ते औषध थांबवतात किंवा बदलतात, आणि बहुतेकांत ही लक्षणं ओसरतात. आयसोनियाझिड या टीबीच्या जुन्या गोळीनेही क्वचित मनाचा तोल जातो. तिच्यासोबत पायरिडॉक्सिन हे जीवनसत्त्व देतात ते नसांना आणि मेंदूला होणारा त्रास टळावा म्हणून. भारताने २०२४ साली मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या नव्या चार औषधांच्या उपचारात सायक्लोसेरिन नाही, ही अशा रुग्णांसाठी मोठी दिलासा देणारी बाब आहे.

टीबी आणि मनोविकार यांचं नातं उलट दिशेनेही चाललं आहे. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ च्या सुमारास टीबीचे रुग्ण इप्रोनियाझिड या औषधाने अनपेक्षितपणे उत्साही झाले, आणि नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक तिथून हाती लागलं. सायक्लोसेरिन मेंदूत जिथे जाऊन बसतं, ती जागा स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासकांनाही महत्त्वाची वाटते. म्हणून त्याचा अगदी लहान डोस या आजारावरही वापरून पाहिला गेला, पण पदरात फारसं पडलं नाही.

टीबी बाजूला ठेवला तरी मंदगतीची कारणं पुष्कळ आहेत. नैराश्य, थायरॉईडची कमतरता, बी-१२ची कमतरता, डोक्याला मार, दारू, रात्रपाळीने उडालेली झोप. बायपोलर आजारातही वेग कमी होतो. आणि स्किझोफ्रेनिया असलेले अनेक जण निरोगी माणसांच्या पल्ल्यातच बसतात, दोन्ही गटांची मापं एकमेकांत बरीच मिसळतात. बटण दाबायला लावून हे निदान करता येत नाही. ते करायला मनोविकारतज्ज्ञच लागतो, सविस्तर बोलणं लागतं आणि काही महिन्यांचा इतिहास लागतो.

गैरसमज : ‘गती मंद म्हणजे बुद्धी मंद.’

वेळ लावून घेतलेली चाचणी आणि वेळ न लावता घेतलेली चाचणी यांत फरक असतो. या आजारात विचारशक्तीच्या अनेक अंगांवर सरासरीने परिणाम होतो, हे मी लपवणार नाही. पण आजारापूर्वी मिळवलेला शब्दसाठा, वाचन, हातचं कौशल्य बरंच टिकून राहतं. उत्तराआधीचा विराम लांबलेला असला तरी उत्तर बरोबर येऊ शकतं. आपण ते ऐकायला थांबत नाही, आणि मग ‘त्याला कळत नाही’ असं ठरवून टाकतो.

गैरसमज : ‘असा टक लावून गप्प बघतो, अंगावर येईल.’

नाही. उत्तराला उशीर होणं आणि हिंसा यांचा संबंध नाही. या आजाराची बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट मारहाण आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला जास्त येते. स्टेशनवर तिकीट तपासनीस किंवा रस्त्यात पोलिसाने नाव विचारल्यावर उशीर झाला तर तो उद्धटपणा समजला जातो, हाच खरा धोका आहे, आणि तो त्या माणसाला आहे.

गैरसमज : ‘मोबाइलवर मेंदूचे गेम खेळवा, वेग येईल.’

खेळात वेग येतो तो बहुतेक त्या खेळापुरता. आकलनशक्तीचं पद्धतशीर प्रशिक्षण ही वेगळी गोष्ट आहे. शंभराहून जास्त चाचण्यांचे निकाल एकत्र करणाऱ्या २०२१ च्या एका अभ्यासात त्याचा लहान ते मध्यम फायदा दिसला. शिकवणारा प्रशिक्षित माणूस सोबत असेल, युक्त्या शिकवल्या जात असतील आणि जोडीला कामाचं, माणसांत मिसळण्याचं पुनर्वसन असेल तेव्हा हा फायदा जास्त. नियमित व्यायामाने लक्ष आणि हातातली गोष्ट मनात धरून ठेवण्याची क्षमता काहीशी सुधारते. नुसत्या वेगावर व्यायामाचा परिणाम तितका ठळक दिसलेला नाही.

गैरसमज : ‘घाई केली, चार शब्द लावले की हलतो.’

शिवडीच्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. सकाळी एकच मोरी, कुणाला सातची लोकल, कुणाला शाळा. तिथे ‘लवकर आवर’ म्हणणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. पण वस्तुस्थिती अशी आहे : घरात टीका आणि टोचून बोलणं जितकं जास्त तितका आजार उलटण्याचा संभव जास्त, हे लंडनमधल्या अभ्यासांनी १९७० च्या दशकात पक्कं केलं. याच पद्धतीने चंदीगडमध्ये झालेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय घरांमध्ये टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं आणि वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाणही कमी. आपल्याकडे ही एक ताकद होती. खोल्या तेवढ्याच राहिल्या आणि दिवस धावता झाला, तेव्हा ती जपायला जास्त कष्ट पडतात, हे मला दिसतं.

दटावल्याने मधला वेळ कमी होत नाही, उलट अडकण्याची आणखी एक जागा तयार होते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. प्रश्न लहान असावा. विचारल्यावर गप्प राहावं, मनात पाचपर्यंत मोजावं. उत्तर आलं नाही तर त्याच शब्दांत पुन्हा विचारावं; शब्द बदलले की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डॉक्टरांकडे जातानाही त्याच्या वतीने आपणच भराभर बोलू नये.

गैरसमज : ‘आता याच्याकडून काम होणार नाही.’

मायकल ग्रीन यांनी १९९६ साली आणि त्यानंतर अनेकांनी दाखवलं की या आजारात माणूस नोकरी आणि घर कितपत सांभाळेल हे आवाज-भ्रमांपेक्षा लक्ष, स्मरण आणि वेग यांच्यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून वेगाचा विचार करावाच लागतो, पण कामाकडे बघून. बंदरातली क्रेन, लेथ, फोर्कलिफ्ट, टॅक्सी यांत सेकंदाचा अंश महत्त्वाचा असतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारं वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे जातं. ब्रेकवर पाय जायला ०.३ सेकंद जास्त लागले तर गाडी तीन मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. अशा कामाला जाण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायलाच हवं, आणि झोप आणणारी गोळी कधी घेतली जाते तेही सांगायला हवं. सरसकट बंदी घालण्याचं कारण नाही, कारण या आजारात माणसामाणसांत वेगाचा फरक फार मोठा असतो.

पण सगळी कामं अशी नसतात. गोदामातली नोंदवही, शिवणकाम, झाडांची निगा, पॅकिंग, हिशोब, डेटा एंट्री यांत नेमकेपणा लागतो आणि वेग स्वतःचा ठेवता येतो. ठरलेली जागा, ठरलेला क्रम, लिहून दिलेल्या सूचना आणि घड्याळावर नजर न ठेवणारा मालक मिळाला की बरीच माणसं टिकून काम करतात. तुकड्यांवर मजुरी देणाऱ्या कामात मात्र ती हमखास मागे पडतात, म्हणून सुरुवातीला महिन्याचा पगार ठरवणं बरं.

कायद्याने हा वेळेचा प्रश्न ओळखला आहे, फक्त तो फार कमी घरांपर्यंत पोचला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात मानसिक आजार असलेल्यांनाही वाटा दिला. त्यासाठी सरकारी यंत्रणेकडून किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते ठरवताना स्वतःची काळजी, माणसांशी नातं, संवाद-आकलन आणि काम या चार गोष्टी आणि आजाराची वर्षं बघतात. तपासणीच्या दिवशी माणूस नेमका चांगल्या घडीत असू शकतो, म्हणून घरच्यांनी रोजच्या अडचणींची टिपणं सोबत न्यावीत. दात घासायला, आंघोळीला, रस्ता ओलांडायला, सुटे पैसे मोजायला किती वेळ लागतो तेही त्यात असावं. केंद्राच्या सूचनांनुसार प्रमाणपत्र असलेल्या परीक्षार्थीला तीन तासांच्या लेखी परीक्षेत किमान एक तास जादा मिळू शकतो. त्यासाठी परीक्षेचा अर्ज भरतानाच मागणी करावी लागते. शिवडी नाक्यावरून आचार्य दोंदे मार्गाने चालत जाता येईल एवढ्या अंतरावर केईएमचा मनोविकार विभाग आहे, आणि आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत लागतो, मराठीतही.